पोटातल्या पावण्याला विचारलं तेव्हा

आधीच सांगते – मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. "पुरावा काय?" असं विचारून विचारून पोरांनी माझं नावच 'पुरावा मॅडम' पाडलंय. नवस, उतारे, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्याच पोटात घडलंय.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मी, नवरा अमर आणि सासूबाई – त्यांना मी आत्ती म्हणते. माझी पहिलीच खेप. छत्तिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत कळलं, की बाळाचं डोकं वर आणि पाय खाली आहेत. पायाळू!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण आहे, त्यामुळे असंच नॉर्मल करायचा सल्ला मी देणार नाही. एक तर पोटावरून हातानं दाब देऊन बाळ फिरवून बघू. फिरलं तर छानच. क्वचित बाळाचे ठोके कमी होतात, मग लगेच ऑपरेशन करावं लागतं. नाहीतर सरळ तारीख ठरवून सिझेरियन. गुरुवारपर्यंत विचार करा."

मला ऑपरेशनची मनापासून भीती. त्यामुळे माझं मत – फिरवू. आत्तींचंही तेच. "फिरवू दे की. रेडिओचं बटण फिरवल्यागत फिरवतील!" अमर मोबाइलवर वाचून वाचून सकाळी फिरवायच्या बाजूनं असायचा आणि संध्याकाळी ऑपरेशनच्या.

रविवारी दुपारी गव्हाचा डबा उचलताना आत्तींच्या कंबरेत उसण भरली. बाई अर्ध्यात वाकल्या त्या वाकल्याच! आता आमच्याकडे असं मानतात, की पायाळू माणसानं कंबरेला लाथ लावली की उसण जाते. गल्लीतले टेलर हुसेनचाचा पायाळू. सत्तरी ओलांडलेली, पण कुणाची कंबर धरली की लोक गोळी घ्यायच्या आधी त्यांच्याकडे जातात. अमर त्यांना गाडीवर बसवून घेऊन आला.

चाचा आत आले, मला बघून दारातच थबकले. बातमी आत्तींनी आधीच गल्लीभर केलेली.

"वैनी, सुनंच्या पोटात पायाळू हाय म्हणं?"

"व्हय की."

"मग मी लाथ मारायची न्हाय. पैला मान पोटातल्या पावण्याचा. त्यो घरात असताना मी कोण?"

मी फस्सकन हसले. आत्ती मात्र हसल्या नाहीत. तशाच वाकलेल्या, मागं मागं सरकत आल्या आणि कंबर माझ्या पोटाला टेकवली.

"आत्ती, काहीतरीच काय!"

"गप हुबी ऱ्हा."

चाचा तालमीतल्या वस्तादासारखे कडक आवाजात म्हणाले, "हं बाळा, तीन मार. मोजून."

ढब्. ढब्. ढब्.

मग एकदम शांत.

"आई गं..." म्हणत आत्ती ताठ उभ्या राहिल्या! दोन पावलं टाकली, कंबर डावी-उजवीकडं वळवून बघितली आणि चालत जाऊन चहाच ठेवला.

मी लगेच लेक्चर सुरू केलं – धक्क्यानं आखडलेला स्नायू मोकळा होऊ शकतो, शिवाय हा मनाचाही खेळ असतो. चाचांनी बशीत चहा ओतत ऐकून घेतलं.

"असंल की मनाचा खेळ. पर तीन म्हणल्यावर तीनच का मारल्या? पोर ऐकतंय पोरी. ते फिरवायचं का न्हाय, त्यालाच इचारा."

झालं! आत्ती माझ्यासमोर येऊन बसल्या. पोटावर मी माझ्या चहाची रिकामी बशी ठेवली होती, त्या बशीकडं बघतच म्हणाल्या, "सोन्या, डॉक्टरीणबाईंनी फिरवलं तर चालंल काय? चालत असंल तर एक मार. न्हाईतर दोन."

बशी दोनदा उडाली.

"थांबा," मी म्हणाले, "ही पद्धतच चूक आहे." मी आत जाऊन एका कागदावर लिहिलं – 'हो असेल तर चार, नाही असेल तर एक.' घडी करून अमरच्या मुठीत दिली आणि कुणाला काही न सांगता मनातल्या मनात प्रश्न विचारला. फिरवू का तुला?

एक लाथ.

आम्ही घड्याळ लावून पाच मिनिटं वाट बघितली. दुसरी नाही. अमरनं कागद उघडून मोठ्यानं वाचला आणि खालीच बसला. "न्हाय म्हणतंय पोर," आत्ती हळूच म्हणाल्या.

पोटात बाळ आहे हे आठ महिने माहीतच होतं. पण आत *कुणीतरी* आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. मी बराच वेळ पोटावर हात ठेवून बसले... रडले पण थोडी. का, ते आता सांगता येणार नाही.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "सिझेरियनच करू."

"चालेल, तोही उत्तम पर्याय आहे. पण तुम्हाला तर फिरवून हवं होतं ना?"

"घरात चर्चा झाली. एकमत झालं."

"सगळ्यांचं," अमर पुटपुटला.

ठरल्या तारखेला ऑपरेशन झालं. मुलगी. आली ती पाय पुढं करूनच, आणि गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे! मी नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं – फिरवलं असतं तर? त्या म्हणाल्या, "कदाचित फिरलंच नसतं. कदाचित फिरलं असतं आणि काहीही झालं नसतं. नाळेचे वेढे बऱ्याच बाळांना असतात. खात्रीनं काही सांगता येत नाही." खात्रीनं सांगता येत नाही म्हणे! एरवी हे वाक्य मला फार आवडलं असतं.

महिन्याभरानं चाचा स्वतः शिवलेलं अंगडं-टोपडं घेऊन आले. आत्ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी विचारलं, "चाचा, तिला ऐकू येतंय हे तुम्हाला कसं कळलं होतं?"

चाचांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"वैनीस्नी सांगू नगंस. त्या दिवशी माझीच कंबर धरलीती. पाय ईतभर उचलत न्हवता. अमर गाडी घिऊन दारात, आता न्हाय कसं म्हणायचं? म्हणून ढकललं पावण्यावर."

"आणि त्या तीन लाथा?"

"त्येच की! मीबी लई भ्यालो. घरला जाऊन दोन तांबं पाणी प्यालो."

म्हणजे ज्यांनी हे सगळं सुरू केलं, त्यांनाही काही माहीत नव्हतं. मग कागदावरचं कुणी वाचलं?

मुलगी आता दीड वर्षाची आहे. हाक मारली तर तिसऱ्या वेळेला बघते, तेही मनात असेल तर. माझ्याकडे आजही काही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त 'योगायोग' म्हणू नका – तो शब्द मी स्वतःच वापरून वापरून झिजवलाय.