दुपारी न गळणारा पाइप

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे बसवले, त्याच सुमारास वरच्या मजल्यावर आयटीतलं जोडपं आलं. तेव्हापासून सकाळी पाणी आलं की माझ्या स्वयंपाकघराची भिंत भिजायची. प्लंबर दुपारी यायचा आणि कोरडी भिंत बघून जायचा. पगार मोठे, पण नळ बंद करायचं भान नाही, असं म्हणून मी जिन्यात त्या दोघांशी बोलणं सोडलं. शेवटी प्लंबरला सकाळीच बोलावलं. त्याने भिंत फोडून माझ्याच पाइपची बारीक चीर दाखवली. "पाण्याला जोर आला की ही उघडते, जोर गेला की मिटते."

मग माझ्या बाल्कनीतली घरघर ऐकत तो म्हणाला, "काका, नळाला मोटर लावायला सोसायटीत बंदी आहे ना? मग ती पोत्याखाली लपवलेली आधी बंद करा, हा जोर तिचाच आहे. वरच्यांचं नंतर बघू."