मावशीच्या डोळ्यातला फोकस

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं माझं काम. या ग्रुपवरचे अनुभव वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न यायचा... बाई गं, तू ते पुन्हा करून बघितलंस का? एकदाच दिसलं तर तो भास. तेच करून तेच परत दिसलं, तर मग बोला.

तर, मी पुन्हा करून बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं.

मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. कॅमेरा मिररलेस, हलका. पण त्यावरची टेलिफोटो लेन्स खलबत्त्यासारखी जड. ती टेकडीवर वागवून मान धरायला लागली. डॉक्टर म्हणाले, "एक तर गळ्यात पट्टा घाला, नाहीतर पक्षी सोडा." मी तिसरा मार्ग काढला - छोटी टेलिफोटो घ्यायची. लांबचं जवळ दाखवेल आणि तरी पर्समध्ये मावेल अशी. महिनाभर यूट्यूबवर रिव्ह्यू बघून डोकं पिकलं आणि शेवटी नारायण पेठेतल्या एका दुकानात गेले.

दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "मॅडम, आपल्याला हलकी हवी, लांबचं दाखवणारी हवी आणि कमी उजेडातही चालायला हवी. अशी लेन्स आली की पहिली मीच घेईन." मग त्यातल्या त्यात बरी अशी एक त्याने काढून दिली. "घरी वापरून बघा. नाही पटली तर आठवड्यात परत आणा. फक्त खोका फाडू नका."

लेन्स कोरी होती. सील मी माझ्या नखाने फोडलं. सेकंडहँड नाही, कुणा मेलेल्या फोटोग्राफरची तर नाहीच. हे मुद्दाम लिहितेय, कारण कमेंटमध्ये सगळ्यात आधी तेच येणार.

आता रजनी मावशीबद्दल सांगायला हवं. ती माझ्या आईची धाकटी बहीण. कोथरूडला आमच्याच सोसायटीत राहते, मी ए विंगमध्ये आणि ती समोरच्या बी विंगमध्ये, दोघी दुसऱ्या मजल्यावर. मध्ये फक्त पार्किंग. तिच्या गॅलरीतून माझी गॅलरी दिसते आणि माझ्या गॅलरीतून तिची. मी एकटी राहते, आता तीही एकटीच. तिचा एकुलता एक मुलगा निनाद दोन वर्षांपूर्वी गेला. स्वारगेटहून घरी येताना बाईक घसरली. वय एकतीस.

निनाद आणि मावशीचं पटायचं नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जीव होता तिचा त्याच्यावर, पण तो जीव तोंडावाटे बाहेर यायचा. नोकरी, केस, उठण्याची वेळ, लग्न... एक विषय सोडायची नाही. मग तो ऑफिसातून आला की गाडी लावायचा आणि सरळ माझ्याकडे यायचा. मी त्याला काही विचारायचे नाही, चहा द्यायचे. तो माझ्या गॅलरीत कठड्यावर कोपर टेकून, मावशीकडे पाठ करून तो चहा प्यायचा. ती समोरून बघत असायची. मला म्हणायची, "घर इथे आणि मुक्काम तिथे. धर्मशाळा छान चालवतेस हो." हसत म्हणायची, पण लागलेलं असायचं.

लेन्स घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुलना करायला बसले. एकच माणूस, एकच उजेड, आधी जुनी लेन्स, मग नवी. समोर मावशी गॅलरीत गवार मोडत बसली होती. मी फोन करून म्हटलं, "जरा अशीच बस, फोटो काढतेय."

"काढ. पेपरात निधनाच्या जाहिरातीत लावायला होईल. भिंतीवरही निनादच्या फोटोशेजारी जागा रिकामीच आहे."

ती असंच बोलते. मी दोन्ही लेन्सने फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. फोटोवाल्यांची एक सवय असते. माणूस असो की पक्षी, फोकस तपासायचा तर डोळा मोठा करून बघायचा. डोळ्यात समोरच्या उजेडाचा एक पांढरा ठिपका पडतो. तो ठिपका रेखीव आला म्हणजे लेन्स चांगली. एवढ्या अंतरावरून ठिपक्याशिवाय काही दिसत नाही, दिसूच शकत नाही.

जुन्या लेन्समध्ये ठिपका होता. नव्या लेन्समध्ये मावशीच्या डोळ्यात माणूस उभा होता.

तिच्या अगदी समोर, हातभर अंतरावर असावा एवढा मोठा. मोहरीच्या रंगाचं विंडचीटर. डावा खांदा जरा वर. चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट डाग, पण तो खांदा मी ओळखत होते. मूळ फोटोत मात्र मावशीसमोर गवारीच्या ताटाशिवाय काही नव्हतं.

माझा पहिला विचार - लेन्स डिफेक्टिव्ह आहे. खरंच. मी वॉचमनचा फोटो काढला, इस्त्रीवाल्याचा काढला, आरशात स्वतःचा काढला. सगळीकडे साधा ठिपका. ठरवलं, परत द्यायची. आणि तो फोटो तसाच स्क्रीनवर उघडा ठेवून आंघोळीला गेले.

मावशीकडे माझ्या घराची किल्ली असायची. बाहेर आले तर गवारीच्या भाजीची वाटी टेबलावर, आणि ती स्क्रीनसमोर उभी.

"हे विंडचीटर मी घेतलेलं," ती म्हणाली. "कसला रंग आणलास म्हणून त्याने तोंड वाकडं केलं. शेवटी त्यातच गेला."

मी म्हटलं, "मावशी, उजेडाचा खेळ असतो हा. लेन्स परत करणार आहे मी."

"परत करायची नाही." तिने माझं मनगट धरलं. या बाईने निनादच्या दहाव्यालासुद्धा कुणाचा हात धरला नव्हता. "तो माझ्यासमोर उभा आहे, मुग्धे. माझ्याकडे बघत. जिवंतपणी कधी उभा राहिला असा? आणखी एक काढ."

मी हो म्हटलं. एक तर तिची दया आली, आणि दुसरं म्हणजे मी टेस्टर आहे.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून बसली. शेजारी एक रिकामी खुर्ची, स्टुलावर साबुदाण्याची खिचडी. मी फोटो काढला, डोळा मोठा केला. तो होता. पण लहान दिसत होता... लांब गेलेला. आणि आता पाठ दिसत होती.

मी ते सांगितल्यावर ती जराही डगमगली नाही. "त्या दुकानवाल्याला विचार, अजून जवळ आणणारी मिळते का."

"मावशी, लेन्स कुणाला जवळ आणत नाही गं. नुसतं मोठं करून दाखवते."

"तू विचार तर."

मी विचारलं नाही. तिसऱ्या फोटोत तो आणखी लहान झाला होता. मावशी त्या दिवशी फोटो काढताना त्याच्याशी बोलत होती, फोन चालू असल्यामुळे मला ऐकू येत होतं. "बस ना रे जरा. मी काही बोलत नाहीये. बघ, एक शब्द बोलत नाहीये." साठी उलटलेली बाई रिकाम्या खुर्चीची मनधरणी करत होती आणि मी शटर दाबत होते. मला माझीच लाज वाटली. तरी दाबत होते.

त्या संध्याकाळी तिन्ही फोटो शेजारी लावून बघितले. डोळ्यात दिसतं ते डोळ्याच्या समोरचं. तिच्या डोळ्यासमोर होतं काय? पार्किंग, आणि त्यापलीकडे मी. तो नुसता लांब जात नव्हता. तो कुठे चालला होता ते सरळ दिसत होतं.

मी मावशीला म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, "शेवटचा. मग तुझी लेन्स टाक खड्ड्यात."

सकाळी ती ठेवणीतली साडी नेसली नव्हती, खिचडीही नव्हती. कठड्याला धरून उभी होती. फोन स्पीकरवर. मी फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर डोळा मोठा केला. आमची ए विंग. माझी गॅलरी. डोळ्याला कॅमेरा लावलेली मी. आणि माझ्या डावीकडे, कठड्यावर कोपर टेकून, मोहरीचा रंग.

मी डावीकडे बघितलं. कपडे वाळत घालायचा स्टँड. बाकी काही नाही.

"दिसला?" फोनवरून मावशी.

"नाही गं." मी आवाज शक्य तितका साधा ठेवला. "काहीच नाहीये आता. ठिपका आहे नुसता. लेन्समध्येच गडबड होती बघ."

तिने कठडा सोडून हात कपाळावर आडवा धरला. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलतेस? तुझ्या डावीकडे टेकून उभा आहे. मला इथून नुसत्या डोळ्यांनी दिसतोय."

मी परत डावीकडे बघितलं. स्टँडच.

"दोन हाका मारल्या मी. मान वळवून बघितलंसुद्धा नाही." आणि तिने फोन ठेवला. आत गेली, पडदा ओढला. तो पडदा अजून उघडलेला नाही.

मी ते फोटो दोन ओळखीच्या फोटोग्राफरांना दाखवले. एक म्हणाला, फाइल लहान करताना, कॉम्प्रेशनमुळे, असं होतं. दुसऱ्याने बराच वेळ बघितलं आणि फाइल डिलीट कर म्हणाला. लेन्स मी परत केली. दुकानदाराने लावून बघितली, काही दोष नाही म्हणाला. माझ्या गॅलरीत मला आजवर काही दिसलेलं नाही, काही जाणवत नाही. मी जुन्या लेन्सने, उसन्या आणलेल्या दुसऱ्या लेन्सने, फोनने, सगळ्याने फोटो काढून बघितले. काही नाही. म्हणजे जिला तो हवा आहे तिच्याकडे नाही, आणि जिच्याकडे आहे म्हणतात तिला दिसत नाही. का, ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा, पण उपाय सांगू नका... नारळ, लिंबू वगैरे मावशीने आधीच धुडकावले आहेत.

सख्खी मावशी आता मला अहो-जाहो करते. जिन्यात भेटली की "कशा आहात?" एवढं विचारते, उत्तराला थांबत नाही. माझी किल्ली तिने पाकिटात घालून वॉचमनकडे दिली.

परवा मात्र गेटपाशी थांबली. माझ्याकडे नाही, माझ्या डावीकडे बघत म्हणाली, "चहात साखर जास्त लागते त्याला. पण ते आपल्याला माहीतच असेल म्हणा."