पौर्णिमेचं टेबल

बी.ए.ला असताना मी हुडकेश्वर रस्त्यावरच्या एका शाकाहारी हॉटेलात वाढपी होतो. घरातून कॉलेजात जाणारा मीच पहिला. त्या हॉटेलच्या पगारातून माझी फी निघाली, हे मी विसरलेलो नाही. पण तिथली एक गोष्ट आठवली की अजून पोटात दुखतं.

टिपा सगळ्या एका डब्यात जायच्या. रविवारी चर्चमधून येणारी कुटुंबं बडीशेपेच्या वाटीखाली नोट ठेवून जात. दिवस मावळायच्या आत जेवून उठणारी जैन मंडळी टीप थेट मालकाकडे देत. सत्संगाच्या बायकांची रीत मात्र वेगळी होती. पौर्णिमेचा सत्संग आटोपून त्या जेवायला येत. जेवण झालं की सगळ्यात वयस्कर काकू वाढणाऱ्याला समोर उभं करत, त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि एकवीस रुपये ठेवत, आणि वाकून त्यालाच नमस्कार करत. ती दक्षिणा, म्हणून मालक ती डब्यात घेत नसे.

हे टेबल कायम माझ्या सोबत्याचं. तो माझ्याच वयाचा, दहावीतच शाळा सोडलेला. "काकू, एक पुरी माह्या हातची!" म्हणत तो वाढायचा आणि बायका हसत खायच्या. मला पैशांचं काही नव्हतं. आमच्या घरातली सगळी माणसं आजवर दुसऱ्यांपुढे वाकलेली. आपल्यापुढे एकदा कुणी वाकावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते त्याला दर महिन्याला मिळत होतं.

एका पौर्णिमेला तो बहिणीच्या लग्नाला गेला आणि ते टेबल माझ्याकडे आलं. पुऱ्या मी कढईतून निघाल्या निघाल्या आणत होतो.

"नवा आहे काय गा तू?" काकूंनी विचारलं. "लाजून काहून राहिला? वाढ अजून."

शेवटी त्यांनी मला समोर उभं केलं. हातावर खोबरं पडलं, आणि शाळेत रोज गुरुजींच्या पाया पडायची सवय लागलेला मी झटकन त्यांच्या पायांवर वाकलो.

"शिकून मोठा हो, बाबू," त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"किती संस्कारी पोरगं आहे वं!" मागून कुणी म्हणालं. बायका कौतुकानं हसल्या आणि निघून गेल्या. काकूंनी मला करायचा नमस्कार राहूनच गेला.

सोबत्याला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "अबे, घेणाऱ्यानं वाकाचं नसते!"

आता मी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. मागच्या पौर्णिमेला बायकोला घेऊन मुद्दाम त्याच हॉटेलात गेलो. तो आता तिथला मॅनेजर आहे, पण त्या टेबलावर अजून स्वतःच वाढतो. काकू एका बाईच्या आधारानं उठल्या आणि त्याच्यापुढे वाकल्या. माझा घास तोंडातच राहिला.

जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या. "तू तोच नं? झाला नं मोठा!"

मी खुर्चीवरून उठलो आणि कळायच्या आत पुन्हा त्यांच्या पायांशी वाकलो होतो. मागे तो उभा होता, खोबरं खात.