सोमवारचा उपास

धुळ्याच्या कोर्टात निकाल लागला की फाइल रेकॉर्डरूममध्ये जाते, किस्से मात्र आमच्या बाररूममध्येच राहतात. पानाच्या डब्याबरोबर ते रोज फिरतात आणि दर खेपेला थोडे वाढतात! जनाबाईच्या खटल्याचे किस्से मात्र मी वाढवत नाही. त्यांना गरजच नाही.

जनाबाई साक्रीकडची. एका सोमवारी दुपारी तिचा नवरा जेवला आणि संध्याकाळपर्यंत गेला. पोटात सोमलाचं विष निघालं, पोलिसांनी बायकोला धरलं. तिचे वकील आमचे नाना, आणि मी नानांचा ज्युनिअर.

*

आपल्याकडे नवरा उठला की बायको त्याच्याच ताटात जेवायला बसते. त्या दुपारी जनाबाई बसली नव्हती. ताट घासून ठेवलं होतं. "का बरं?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"माले सोमवार व्हता, साहेब."

नानांनी लगेच शेजारीण उभी केली. ती शपथेवर म्हणाली, "जना सोमवार कधी चुकवत नाही, आणि दुसरा उपास कधी करत नाही!" नवरा एका वैदूच्या पुड्या खायचा आणि असल्या पुड्यांत सोमल असतो, हेही नानांनी दाखवून दिलं. संशयाचा फायदा मिळून जनाबाई सुटली.

*

सरकारने मुंबईला हायकोर्टात अपील केलं. म्हणजे फास पुन्हा डोक्यावर! जामिनावर असलेली जनाबाई धुळ्यात भावाकडे राहायची आणि चौकशीला ऑफिसात यायची. येताना हातात ताकाचा लोटा.

"मला कफ झालाय," नाना म्हणायचे. माझं पोट बिघडलेलं असायचं. आमचे कारकून दगडूभाऊ तर म्हणाले, "मी काशीला ताक सोडून आलोय!" बिचारे मनमाडच्या पुढे कधी गेले नव्हते. ती गेली की लोटा मागच्या कडुलिंबाच्या बुडाशी.

फाल्गुनात एका सकाळी दगडूभाऊ धावत आत आले. "नाना, लिंब गेला! सगळी पानं खाली!"

नानांनी खिडकीतून पाहिलं. "अहो, गावातले सगळेच लिंब गेलेत. जनाबाई घरोघर ताक वाटत फिरते का?"

तरीही त्या दिवसापासून ताक गटारात जायला लागलं.

*

ज्या फौजदाराने तपास केला, त्याला पूर्वी पंचनाम्याइतकीच पंगतीची आवड. या खटल्यानंतर मात्र तो खेड्यात गेला की पहिलं ताट पोलीसपाटलापुढे सरकवायचा. "आधी तुम्ही, पाटील!" पाटील चाखून पाहायचे, नीट खात्री होईपर्यंत चाखायचे. त्यांना चांगली ढेरी सुटली.

एकदा ते आमच्या ऑफिसात येऊन नानांना म्हणाले, "नाना, हाई अपील लौकर निकाली काढू नका!"

*

सरकारी वकील नानांचे जुने स्नेही. बाररूममध्ये चहा पिता पिता त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नाना, खरं सांगा. तिच्या हातचं खाल?"

"कोर्टाने मला हा प्रश्न विचारलेला नाही," नाना म्हणाले. सगळे हसले. नाना हसले नाहीत.

घरी जाताना ते मला म्हणाले, "ती खरी असेल, तर तिचं ताक ओतून आपण पाप करतोय. आणि खोटी असेल, तर..." मला जनाबाईची भीती वाटायची, आणि अशी भीती वाटते याची लाजही वाटायची.

*

मुंबईहून तार आली, "अपील फेटाळलं." जनाबाई पहिल्यांदाच आमच्यासमोर रडली. आम्हालाही भरून आलं.

"नाना, मना जीव तुम्हीच वाचाडा. आते तुम्ही बठ्ठा जण जेवाले या."

"येणार!" नाना म्हणाले. ती गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "हायकोर्टाने सोडलं, आता आपणही सोडायला हवं. खाल्लं नाही तर मी वकील कसला!"

बुधवारी दुपारी तिच्या भावाकडे तीन पाट मांडले होते. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर तुपाची धार. वासानेच भूक लागली. दगडूभाऊ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. नानांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास मोडला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो.

नाना मोकळेपणी हसले. "जनाबाई, आज मानपान नको. तुम्हीही ताट घ्या, आमच्याबरोबरच बसा."

जनाबाईने पदर सावरला.

"तुम्ही जेवा, नाना. माले आज उपास शे."