जेवणानंतरचा एक तास

बस डेपोत चालकांच्या पाळ्या लावणाऱ्या बाईंना सगळे ‘टाइमटेबल’ म्हणत, तेही तोंडावर. ऐंशी चालक, कुणाची पाठ धरलेली, कुणाचं वाहकाशी पटत नाही. तरी पहाटेचा तक्ता कधी चुकला नाही. “देवाघरचं बोलावणं आलं तरी बाई पाळी बदलून देतील,” असं एक जुना चालक म्हणायचा, आणि बाई गालातल्या गालात हसायच्या.

डबा मात्र त्या एकट्या खात आणि खाल्लेलं पोटात ठरू देत नसत. घरीही तेच. आधी अधाशासारखं खायचं, मग ओकून टाकायचं, मग तोंड धुऊन स्वतःला बजावायचं, उद्यापासून नाही. एकोणिसाव्या वर्षी हे सुरू झालं. लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकायला परगावी गेली, बाईंनी पंचेचाळिशी गाठली. कुणाला पत्ता नव्हता.

बिंग फोडलं दातांनी. ठणका असह्य झाला म्हणून त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने बराच वेळ आत पाहिलं.

“दात आतल्या बाजूने झिजलेत. उलट्या होतात का?”

“पित्त आहे,” बाई म्हणाल्या.

त्याने कापसाचा बोळा ठेवला आणि हळूच विचारलं, “पित्ताने होतात, की तुम्हीच काढता?”

तोंडात कापूस होता, बोलायची सोय नव्हती. बाईंनी नुसती मान डोलावली. आडव्या पडल्या होत्या, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी थेट कानात गेलं.

त्याने अशाच आजारावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरणीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी पाच आठवडे पर्समध्येच राहिली. मग एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. बिघाड सापडला की अर्धं काम झालं, असं त्याचं मत. त्याने सगळं ऐकलं, मग विचारलं, “रविवारी मी स्वयंपाक करतो, तो पण?”

“हो,” बाई म्हणाल्या.

तो उठून भांडी घासायला लागला. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

दवाखान्यात बाकावर शाळकरी मुली आपापल्या आयांना टेकून बसल्या होत्या. टेबलामागच्या बाईने विचारलं, “मुलीला नाही आणलं?”

“पेशंट मीच आहे.”

डॉक्टरीण वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट होती. ठरल्या वेळी खायचं, वहीत लिहायचं, आणि जेवल्यावर तासभर कुणीतरी जवळ बसायचं. “वेळा पाळायची तर तुम्हाला सवयच आहे,” ती म्हणाली. बाईंना रडू की हसू, कळेना.

नऊ दिवस जमलं. नवरा समोर बसून पंपांच्या गोष्टी सांगायचा. दहाव्या दिवशी तो फोन घ्यायला बाहेर गेला, परत आला तर खुर्ची रिकामी, न्हाणीघराला आतून कडी.

“अगं, दार उघड.”

त्याने पुन्हा दार वाजवलं.

“मी काय करू, ते तरी सांग.”

“मला तरी कुठं माहीत आहे?” आतून आवाज आला.

पुढच्याच महिन्यात बाई डेपोत तक्ता लिहिता लिहिता कोसळल्या. चालकांनीच उचलून बसमध्ये घातलं. रक्तातले क्षार इतके उतरले होते की हृदयाचे ठोके चुकत होते. दोन आठवडे वॉर्डात काढले. मुलगी आली, उशाशी बसली. जाताना आईचे केस विंचरून गेली.

त्याला आता आठ महिने झालेत. एखाद्या आठवड्यात चार दिवस बरे जातात, एखाद्यात एकही नाही. औषध चालू आहे, दर मंगळवारी दवाखानाही. “अजून किती?” बाईंनी एकदा विचारलं. डॉक्टरणीने खोटं सांगितलं नाही. “सांगता येत नाही. पण येत राहा.”

दुपारी दुकान बंद करून नवरा डेपोत येतो. डबा संपतो, आणि पंपांच्या गोष्टीही केव्हाच संपल्यात. दोघं खिडकीतून बाहेर पडणाऱ्या गाड्या बघत बसतात. बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेली असतात.

“आज जमेल?” तो विचारतो.

“माहीत नाही,” बाई म्हणतात. तो खुर्ची थोडी जवळ ओढतो. तास संपायला अजून चाळीस मिनिटं असतात.