लेफ्टनंट सरपंच

उदयसिंहाने तीस वर्षं नौदलात काढली आणि निवृत्त होताना मानद लेफ्टनंट झाला. तेवढ्यावर गप्प बसता तर बरं झालं असतं. पण गडी सोलापुरातला फ्लॅट बायकोच्या ताब्यात देऊन उजनी धरणाकाठच्या गावी परतला, ग्रामपंचायतीवर निवडून आला, आणि सदस्यांनी त्याला सरपंचही केलं. त्याची चुलती मथुराबाई महिलांच्या जागेवर त्यानेच उभी करून निवडून आणलेली. आपल्या घरातलं मत म्हणून.

मग गावाला शिस्त लागली. ग्रामसभेला पाच मिनिटं उशीर झाला की दाराला कडी. पलीकडच्या काठाला जाणाऱ्या लाँचमध्ये दहाच माणसं, आणि प्रत्येकाच्या अंगात जाकीट. बुडून माणसं मरतात, हे त्याचं खरंच होतं. पण जाकिटं मागवली ती त्याच्या ओळखीची, खलाशांची. पट्टा मांड्यांमधून घेऊन पुढे अडकवायचा. त्यासाठी साडी गुडघ्यावर घ्यावी लागे, तीही चारचौघांत. एका बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. विचारायची सवय कुठे होती?

श्रावणात पलीकडच्या काठावर मथुराबाईची धाकटी बहीण अंबुबाई वारली. निरोप आला तशी ती धावत काठावर आली. जाकीट अंगात घातलं, कमरेला गच्च आवळलं. उदयसिंह शिट्टी घेऊन उभाच होता.

"काकू, खालचा पट्टा."

"न्हाय जमत रं. म्हातारीला काय करतूस? भण मेलीय माजी."

"नियम सगळ्यांना सारखा आहे. खाली उतरा."

तिला उतरवून लाँच गेली. गावातल्या धनाजीने मोटरसायकलवर बसवून लांबच्या रस्त्याने नेलं. पोचली तेव्हा चिता पेटली होती. बहिणीचं तोंडही दिसलं नाही. त्या दिवसापासून मथुराबाईच्या मनात पुतण्याविषयी निखळ राग होता, आणि तो तिने लपवला नाही. त्यालाच तो कधी दिसला नाही.

दिवाळीनंतर अविश्वास ठराव आला. सदस्य सात. ठराव व्हायला सहा हात लागत होते, म्हणजे त्याच्याखेरीज सगळेच. काकू आपलीच, या भरवशावर तो कडक इस्त्रीत ताठ बसला होता. तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. पाच हात वर गेले. मथुराबाईने पदर सावरला आणि सहावा हात वर केला.

उदयसिंह तिच्याकडे वाकून हळूच म्हणाला, "काकू, हात खाली घ्या. माझ्या विरोधातली मोजणी चाललीय."

"ठावं हाय," मथुराबाई म्हणाली. "म्हणून तर वर केलाय."



तहसीलदारांनी सहा लिहिले.