गिरजाबाईंचा चहा

गाणाऱ्या माणसाला गाण्याआधी किती चहा पाजावा याला काही मर्यादा असते, हे मला माहीत नव्हतं. अकोल्याच्या आमच्या वस्तीत ते कोणालाच माहीत नव्हतं. पण कार्यक्रमाची व्यवस्था माझ्याकडे होती, त्यामुळे न कळण्यातही पुढाकार माझाच होता.

धम्मदीक्षेला तेव्हा काही वर्षं झाली होती. जयंतीच्या महिन्यात वऱ्हाडभर गायन पार्ट्या फिरायच्या आणि त्यांत नागपूरच्या गिरजाबाईंचं नाव निघालं की भांडणारी माणसंसुद्धा भांडण बाजूला ठेवून बोलायची. बाई स्वतः पेटी वाजवायच्या, स्वतः गायच्या, आणि त्यांच्या मागे ढोलकी-टाळ घेऊन पुरुष बसायचे! माझ्या मायला यातलं गाणं तर पटायचंच, पण बसण्याची रीत फार पटायची.

"बाई पुढं अन् माणसं मांगं?" ती मला विचारायची.

"हो."

"अन् मुकाट बसतात?"

"बसतात माय."

मग ती थोडा वेळ चुलीकडे बघत राहायची आणि म्हणायची, "एकडाव डोयानं पाह्यलं पायजे गा."

माय जिनिंगमध्ये कामाला जायची. दिवसभर कापसाच्या धुरळ्यात राहून तिचा घसा धरलेला असायचा, तरी लग्नाच्या मांडवात भोंग्यावर बाईंचं गाणं लागलं की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. एकदा ऐकलं की गाणं तिला पाठ. एक गाणं तर तिचं फारच लाडकं होतं, उपाशी राहून लेकराला शाळेत धाडणाऱ्या मायचं. ते म्हणताना ती माझ्याकडे अशा नजरेनं बघायची की मला उगाच पाढे म्हणावेसे वाटायचे.

मी बाईंना अमरावतीला एकदा ऐकलं होतं. (पाहिलं नव्हतं. गर्दीत मी मांडवाच्या एका बल्लीच्या मागे अडकलो होतो आणि अख्ख्या कार्यक्रमात मला बाईंचा एक हात तेवढा दिसला, तोही पेटीचा भाता मारताना.) पण तो आवाज! पहिली तान आली आणि माझ्या शेजारी शेंगदाणे खाणारा माणूस तोंड उघडं ठेवून तसाच राहिला. मीही राहिलो. परत आल्यावर मी वस्तीत त्या हाताचं वर्णन इतक्या वेळा केलं, की बाई अकोल्याला येणार असं ठरलं तेव्हा कमिटीचे अध्यक्ष दशरथमामा म्हणाले, "व्यवस्था नामदेवकडं द्या. त्याची अन् बाईची वळख हाये." मीही नाही म्हटलं नाही.

पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, बाई चहा कोणाकडे घेणार?

आता आमच्याकडे दारावरून पाहुणा चहा न घेता गेला तर घरातल्या माणसाला ते मनाला लागतं. वर्ष-वर्ष लागून राहतं. आणि इथे तर पाहुणी गिरजाबाई! मामा म्हणाले, अध्यक्ष या नात्याने माझ्याकडे. एक म्हणाला, माझं घर रस्त्यावर आहे. दुसरा म्हणाला, माझी बायको नागपूरची आहे, म्हणजे बाई आमच्या माहेरच्याच. आवाज चढले. एका म्हाताऱ्याने तर सांगून टाकलं, "बाई माह्या घरी नाई आल्या तं मी गाणं ऐकाले येनार नाई. भोंग्याकडं पाठ करून बसन."

तेव्हा मी उठलो. माझी बुद्धी अशा वेळी फार वेगानं चालते, हाच तिच्यातला दोष आहे. मी म्हणालो, "बाई सगळ्यांकडंच येतील. प्रत्येक घरी फक्त एक घोट."

टाळ्या पडल्या. मामांनी मला मिठी मारली.

घरी येऊन मी मायला सांगितलं, "आपलं घर सगळ्यात शेवटी."

"शेवटी काहून?"

"लोकं नावं ठेवतील माय. म्हणतील, व्यवस्था याच्या हाती, तं यानं पयले आपलंच घर पाह्यलं."

मायला ते पटलं. मला तर माझ्या त्यागाने भरूनच आलं. मी पुढे म्हणालो, "मी बाईले घेऊन येतपर्यंत चुलीपासून हलू नको. बाई आल्या की गरम चहा हाती पायजे. तिथूनच तुले संगं घेऊन मांडवात जातो, अन् पार पुढं बसवतो."  त्या दिवशी मायने पांढरं लुगडं दोनदा धुतलं.

जयंतीच्या महिन्यातलं अकोल्याचं ऊन मी तुम्हाला सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी पाहिलं नाही ते खोटं म्हणतील. अशा उन्हात दुपारच्या गाडीने बाई आपल्या ढोलकी-टाळवाल्यांसह उतरल्या. मी हार घेऊन पुढे झालो आणि थबकलो. त्या आवाजाची बाई निदान दारात न मावणारी असेल असं माझ्या मनाने धरलं होतं. समोर होती माझ्या खांद्याला लागेल अशी, किडकिडीत, सावळी, पांढऱ्या पातळातली बाई, काखेत छत्री. मी हार घालायचा विसरून नुसता बघत राहिलो. शेवटी त्यांनीच मान पुढे केली.

"जयभीम. घाल बाबू, फुलं सुकून राह्यली."

पहिल्या घरी चहा झाला. दुसऱ्या घरी झाला. एका घोटाची योजना पहिल्याच दारात मेली होती, कारण बाईंनी घोट घेऊन कप खाली ठेवला की घरातली सगळी माणसं त्या कपात वाकून बघायची.

"बाई, ठेवला काहून? गोड नाई झाला का?"

"झाला ना माय, लय गोड झाला," असं म्हणून बाई कप रिकामा करायच्या.

इथे कपाबद्दल सांगितलं पाहिजे. आम्ही चहा पितळीतून प्यायचो, नाहीतर गिलासातून. बाईंच्या तोलामोलाची, गुलाबी फुलांची कपबशी अख्ख्या वस्तीत एकच होती, मामांकडे. म्हणून अशी तजवीज होती की एका घरचा चहा झाला की मी बाईंना पुढल्या दाराने गप्पा मारत हळूहळू न्यायचं, आणि मामांनी मागल्या दाराने कपबशी उचलून, बादलीत बुचकळून, कोटाखाली धरून, मागच्या बोळीतून पुढच्या घरी धावायचं. अध्यक्षांच्या हाती असलं काम नको, असं मी म्हटलं होतं. पण मामा कप दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हते.

चार घरं झाल्यावर बाई कपाकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुमच्या वस्तीत एकी लय हाये गा. सगळ्याइकडं एकसारखेच कप."

"हो ना," मी म्हणालो. मागे मामांचा धापा टाकण्याचा आवाज येत होता.

पुढच्या घरी त्या म्हणाल्या, "अन् याचाही कान तसाच टवकला हाये."

 मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. पदराआड त्या हसल्या असाव्यात, कारण ढोलकीवाले काका उघड हसत होते. हेच काका थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, इतका चहा पाजून राह्यला, बाईचा आवाज बसंल ना."

 नागपूरहून आलेला तो आवाज अकोल्यात, माझ्या व्यवस्थेखाली बसला तर? मी घाबरत बाईंना म्हणालो, "आता पुरे करू का?"

"कोणाचं घर राह्यलं?"

"राह्यले थोडे."

"मंग चाल. चहानं नाई बसत आवाज. दारात उभी राह्यलेली माय नाराज झाली तं बसते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या उन्हात, एवढ्या चहानंतर, ही बाई प्रत्येक उंबऱ्यावर चप्पल काढत होती, म्हाताऱ्यांच्या पाया पडत होती, प्रत्येक घरातल्या बाईला नाव विचारत होती, आणि निघताना त्याच नावाने निरोप घेत होती. मी मनातल्या मनात त्यांना पुन्हा एकदा हार घातला.

तिकडे मांडवात वेगळंच चाललं होतं. वस्तीतलं कोणीच तिथे नव्हतं, कारण जो तो आपापल्या दारात चहा घेऊन उभा. आणि पातूर-बाळापूरकडून बैलबंड्या जुंपून आलेली माणसं रिकाम्या स्टेजकडे बघत दुपारपासून बसली होती. भोंगेवाला दर थोड्या वेळाने "हॅलो, हॅलो, गिरजाबाई आल्या हायेत" असं सांगायचा. मग कोणीतरी विचारायचं, "कुठी?" आणि तो पुन्हा "हॅलो, हॅलो" करायचा. शेवटी त्यांच्यातले काही जण बाईंना शोधायला वस्तीत शिरले आणि ज्या घरात शिरले तिथे त्यांनाही चहा मिळाला.

शेवटून दुसऱ्या घरी घात झाला. मामा बोळीतून धावत येत होते आणि वाटेत शेळीचं दावं आडवं होतं. मामा पडले, शेळी ओरडली, आणि कप फुटला. बशी तेवढी मामांच्या कोटात शाबूत राहिली. सगळी वस्ती गोळा झाली. मामा जमिनीवर बसून कपाचे तुकडे जुळवत होते. शेळीवाली म्हणत होती, शेळीले लागलं. बाळापूरवाले म्हणत होते, गाणं हाये का नाई. भोंगेवाला हॅलो हॅलो करत होता. त्या गोंधळात बाईंनी घरातला गिलास मागून चहा घेतला आणि मी ओरडलो, "झालं! चला मांडवात!" बाईंना पुढे घातलं, आणि सगळी वस्ती आमच्यामागे लोटली.

स्टेजवर मी बाईंचा परिचय करून दिला. तो मी पाठ केला होता आणि लांब होता. बाईंनी मागून माझा सदरा ओढला तेव्हा मी त्यांच्या बालपणापाशीच होतो. मी खाली येऊन पहिल्या ओळीत बसलो.

आणि मग बाई गायल्या.

आवाज बसला नव्हता. तो असा उठला की गॅसबत्त्यांभोवतीचे किडेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. ती किडकिडीत बाई पेटीवर वाकली की लहान दिसायची आणि मान वर करून सूर लावला की स्टेज तिला पुरायचं नाही. इतका वेळ कुरकुरणारे बाळापूरवाले आता डोक्यावरचे फेटे काढून मांडीवर घेऊन बसले होते.  या आवाजाला मी आज दारोदार हिंडवलं, या विचाराने लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता.

मग बाईंनी ते गाणं धरलं, लेकरासाठी उपाशी राहणाऱ्या मायचं. पहिल्याच ओळीला माझे डोळे भरून आले. मी रुमाल काढला. काय माय असते, मी मनात म्हणालो. स्वतः चुलीपुढे बसते आणि लेकराला पुढे धाडते. माझी माय तरी काय वेगळी? ती पण अशीच चुलीपुढे...

चुलीपुढे!

रुमाल तसाच टाकून मी पळालो. माणसांच्या मांड्यांवरून, बंड्यांच्या जुवांखालून, घरापर्यंत धावलो. माय चुलीजवळ बसली होती. पांढरं लुगडं, विंचरलेले केस, समोर गंजात, म्हणजे आमच्याकडच्या उभट पातेल्यात, चहा. तो चहा एव्हाना काढ्याच्या पलीकडे गेला होता. भोंग्यावरून बाईंचा आवाज घरात येत होता, आयुष्यभर येत आला होता तसाच.

"माय," मी म्हणालो, "बाई गाऊन राह्यल्या."

"येते ना ऐकू. मी का बहिरी हावो?"

"तू आली काहून नाई?"

"तूच तं म्हटलं, हलू नको."

 मी म्हणालो, "चाल आता. पुढं बसवतो."

"अन् हा?" तिने गंजाकडे बोट केलं. "सगळ्याइच्या घरचा पेल्या ना त्या? मंग माह्या घरचा कोण पेईन? उचल."

मी फडक्यात धरून गंज उचलला. पुढे गिलास घेऊन माय, मागे चटके सोशीत मी, असे आम्ही भर मांडवातून स्टेजपाशी गेलो. माणसं वाट देत होती. बाईंनी पेटी थांबवली.

"काय हाये माय?"

"तुमचा चहा राह्यला," माय म्हणाली.

मांडवात हसू फुटलं, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात देऊन मायला स्टेजवर चढवलं, पेटीजवळ बसवलं, गिलासभर तो काळा चहा घेतला आणि तळापर्यंत प्यायल्या. मग डोळे मिटून एक क्षण बसल्या. (तो चहा गिळायला तेवढा वेळ लागतच असावा.) आणि म्हणाल्या, "आता हे गाणं पयलेपासून. या मायसाठी."

ते अख्खं गाणं माय बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मागे पुरुष मुकाट बसले होते, पण तिने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र ती बाहेर येऊ देत नव्हती. मायला इतकं गप्प आणि इतकं भरलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

गाणं संपलं. मी अजून खालीच उभा होतो, हातात गंज, सदऱ्यावर काजळी, नाकावर घाम. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मायला विचारलं, "इतकं फिरवलं मले, हा पोरगा हाये कोणाचा?"

मायने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. माईक तिच्या तोंडापाशीच होता.

"असंन कमेटीचा कोणी," ती म्हणाली. "मी नाई वळखत."

साऱ्या भोंग्यांवरून ते गेलं. मांडव किती वेळ हसत होता ते मला माहीत नाही, मी गंज डोक्यावर धरून मागे निघून गेलो होतो. वस्तीने ते काही दिवसांत सोडून दिलं. माय मात्र उन्हाळा सरेपर्यंत मला जेवायला अशीच हाक मारायची, "ओ कमेटीवाले, भाकर खाता का?"